टांके निघाल्यानंतरचा हात

मनुष्याच्या सर्व अवयवांत हात हा असा एक अवयव आहे कीं, तो नुसता शाबूत असून भागत नाहीं. तो चालावा लागतो. पाय थोडा अखडला तरी मनुष्य लंगडत कां होईना मुक्कामास पोंचतो. परंतु बोटें ताठरलीं, मूठ मिटेनाशी झाली, म्हणजे हात असून नसल्यासारखाच. म्हणूनच हाताच्या शस्त्रक्रियेचा इतिहास हा सुरीचा व सुईदोऱ्याचा इतिहास जितका आहे, तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, टांके निघाल्यानंतरच्या दिवसांचा इतिहास आहे. ते दिवस कसे घालवावे याचें उत्तर शोधण्यांत वैद्यकाचीं अनेक शतकें गेलीं.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं संग्रामपूर तालुका वसला आहे. कपाशी, ज्वारी आणि तूर हीं येथील काळ्या जमिनीचीं जुनीं पिकें. यांपैकीं कपाशीचें पीक शेवटीं बोटांच्याच स्वाधीन असतें. उमललेल्या बोंडांतून कापूस अलगद उपसावयाचा, त्यांत पालापाचोळा येऊं द्यावयाचा नाहीं आणि बोंडाच्या टोंकदार कडांनीं बोटें फाडून घ्यावयाचीं नाहींत, हें कसब आंगठा, तर्जनी व मध्यमा यांच्या चिमटींत असतें. वेंचणीची मजुरी वजनावर मिळते; म्हणजे चिमूट मंदावली कीं मिळकतही मंदावली. निंदणीचा विळा, डवऱ्याची मूठ, बैलाचा कासरा, भाकरीचें पीठ, सगळ्यांना मिटणारी व उघडणारी बोटेंच लागतात.

आणि याच हातांना यंत्रांचें भय आहे. विजेवर वा ट्रॅक्टरवर चालणारें मळणीयंत्र आणि कडबा कापण्याचें कुट्टीयंत्र हीं दोन्ही मनुष्याचे श्रम वांचवितात. पण कणसें वा कडबा आंत सारतां सारतां हात एखादी वीत पुढें गेला कीं पातें धाटांत व बोटांत भेद करीत नाहीं. असे अपघात देशभर इतके घडूं लागले कीं, १९८३ सालीं धोकादायक यंत्रांचें नियमन करणारा कायदा संसदेस करावा लागला, आणि मळणीयंत्रास संरक्षक झांकण व हात आंत न जाईल असें सुरक्षित तोंड असावें हा विचार कायद्यांत आला. तथापि कायदा पुस्तकांत असतो आणि यंत्र खळ्यांत असतें. जखमी झालेला मनुष्य तालुक्याहून मोठ्या गांवीं नेला जातो, शस्त्रक्रिया होते, तुटलेली कंडरा जोडली जाते, हाड तारेनें बसविलें जातें. दहाबारा दिवसांनीं टांके निघतात. घरच्या मंडळींस वाटतें कीं संकट टळलें. खरें पाहतां संकटाचा दुसरा अंक तेथेंच सुरू होतो.

हा दुसरा अंक समजण्यासाठीं हाताची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. मनगट, तळवा व बोटें मिळून एका हातांत सत्तावीस हाडें असतात. बोटांत मात्र बोट वांकविणारे मांसल स्नायु जवळ जवळ नाहींतच. कठपुतळीचे दोरे जसे पडद्यामागून ओढले जातात, तसे बोटांचे दोरे, म्हणजे कंडरा, पुढच्या हातांतील व तळव्यांतील स्नायूंकडून ओढले जातात. या कंडरा गुळगुळीत आवेष्टनांतून सरकतात. सरकण्याची वाट मोकळी असेल तोंवरच बोट हालतें. जखम झाली वा शस्त्रक्रिया झाली कीं सूज येते. त्या सुजेंतील द्रव चिकट असतो. तो सांचून राहिला म्हणजे त्यांत तंतु विणले जाऊं लागतात. निसर्गाला फक्त जोडणें ठाऊक आहे. कोठें जोडावें आणि कोठें जोडूं नये हा विवेक त्याला नाहीं. जो तंतु तुटलेली कंडरा सांधतो तोच तंतु त्या कंडरेला आवेष्टनाशींही चिकटवून टाकतो. घाव भरतो, पण दोरा सरकत नाहीं. यालाच लोक 'हात आखडला' असें म्हणतात.

आपल्याकडील प्राचीन शस्त्रवैद्यांना हें कोडें अपरिचित नव्हतें. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत मोडलेल्या हाडांच्या उपचाराचा एक स्वतंत्र अध्याय आहे. वड, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन इत्यादि झाडांच्या साली आणि बांबूच्या कामट्या बांधण्यासाठीं वापराव्या, असें तेथें सांगितलें आहे. बांधणें किती दिवसांनीं सोडून पुन्हां बांधावें याचाही हिशेब आहे: थंडीच्या ऋतूंत सात दिवसांनीं, समशीतोष्ण काळीं पांच दिवसांनीं, उन्हाळ्यांत तीन दिवसांनीं. फार सैल बांधलें तर सांधा स्थिर राहत नाहीं, फार घट्ट बांधलें तर सूज, वेदना व पाक होतो, म्हणून बंधन मध्यम असावें, हा इशाराही तेथें आहे.

परंतु सर्वांत लक्षणीय उपदेश तळहाताच्या हाडांविषयीं आहे. हाड सांधल्यावर रोग्यानें प्रथम हातांत मातीचा गोळा धरावा. तें साधल्यावर सैंधवाचा खडा धरावा. आणि हातांत बळ आल्यानंतर पाषाण धरावा, असा तो क्रम आहे. माती दाबली कीं दबते, म्हणजे दुबळ्या बोटांनाही यश येतें. सैंधवाचा खडा दबत नाहीं पण फार जड नसतो. पाषाणास बळ लागतें. आजच्या भौतिकोपचार विभागांत रोग्यास प्रथम मऊ लुकण, मग रबरी चेंडू आणि मग वजन दिलें जातें. साधनें बदललीं, पायरी पायरीनें चढण्याची रीत तीच राहिली. शस्त्रवैद्याचें काम हाड जुळल्यावर संपत नाहीं, हातांत बळ आल्यावर संपतें, हा सिद्धांत त्या तीन पदार्थांत सांठवलेला आहे.

युरोपांत हाच प्रश्न गेल्या दोनशें वर्षांत शास्त्रीय कसोटीवर घासला गेला. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयांत गियोम द्यूपुईत्राँ या शस्त्रवैद्यानें १८३१ सालीं तळव्याच्या कातडीखालील पडदा आकसून वांकडीं झालेलीं बोटें शस्त्रक्रियेनें सोडविलीं. हा विकार आजही त्याच्या नांवानें ओळखला जातो. पण नुसतें कापून तो थांबला नाहीं. सुटलेलीं बोटें पुन्हां आकसूं नयेत म्हणून त्यानें तीं ताणून धरणारें साधन हातास बसविलें. शस्त्रक्रियेनें मिळविलेलें नंतरच्या निगेनें राखावें लागतें, हें त्यास उमगलें होतें.

पुढें या बाबतींत दोन तट पडले. इंग्लंडांत लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन टॉमस यांचा भर विश्रांतीवर होता. दुखावलेला भाग अखंड व दीर्घकाळ स्थिर ठेवावा, त्यांतच त्याचें कल्याण आहे, असें त्यांचें मत. उलट फ्रान्समध्यें ल्युका-शाँपियोनिएर यांनीं मर्दन आणि लवकर हालचाल यांचा पुरस्कार केला. जीवनाचें लक्षणच गति आहे, मग स्थिरतेनें अवयव जिवंत कसा राहील, असा त्यांचा युक्तिवाद. दोघांच्याही बाजूस अनुभव होता. सुजलेला, पू झालेला वा ठिसूळ जोडाचा भाग हालविला तर हानि होते हेंही खरें, आणि आठवड्यानुआठवडे बांधून ठेवलेला हात लांकडासारखा होतो हेंही खरें. हाताच्या उपचाराचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या दोन सत्यांमध्यें नेमकी सीमा कोठें आंखावी याचा शोध होय.

घट्ट बंधनाचा धोका १८८१ सालीं जर्मन शस्त्रवैद्य रिशार्ट फोन फोल्कमन यांनीं निःसंदिग्धपणें मांडला. कोपराजवळ मोडलेल्या हातास फार आंवळून बांधलें तर रक्ताचा प्रवाह अडतो, कांहीं तासांतच स्नायु मरूं लागतात, आणि पुढें ते आकसून हाताचा पंजा कायमचा वांकडा होतो. विशेषतः लहान मुलांत हें घडे. बोटें पांढुरकीं वा निळसर पडणें, मुंग्या येणें वा बधिरता येणें, आणि दुसऱ्यानें बोट सरळ करतांच असह्य कळ उठणें, हीं त्याचीं लक्षणें. येथें 'सकाळीं पाहूं' हा विचार घातक ठरतो, कारण हिशेब दिवसांचा नसून तासांचा आहे. सुश्रुताचा मध्यम बंधनाचा उपदेश आणि फोल्कमनचा इशारा यांच्यामध्यें काळाचें मोठें अंतर आहे, पण बोलणें एकच आहे.

दुसरें एक विचित्र संकट वेदनेचें. अमेरिकन यादवी युद्धांत गोळीनें मज्जातंतु दुखावलेल्या सैनिकांच्या हातांस भाजल्यासारखी आग होत राही. वारा लागला तरी त्यांना सोसवत नसे. सायलस वीर मिचेल यांनीं आपल्या दोन सहकाऱ्यांसह १८६४ सालीं या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. १८९५ मध्यें क्ष-किरणांचा शोध लागल्यावर हाडांकडे पाहतां येऊं लागलें, आणि १९०० सालीं हँबुर्गच्या पॉल झुडेक यांनीं दाखवून दिलें कीं, दुखापतीनंतर सूज व ठणका ज्यांत रेंगाळतो अशा कांहीं हातांत हाडेंही विरळ होत जातात. पूर्वीं अशा रोग्यास लोक 'ढोंगी' वा 'नाजूक' म्हणत. आतां हा खरा विकार असल्याचें सर्वमान्य आहे. दुखापतीच्या मानानें दुखणें फार, हात लाल, तुकतुकीत वा घामट, कातडीस स्पर्शही नकोसा, असें झालें तर रोग्यास दटावून उपयोग नाहीं आणि सांध्यावर जबरदस्ती करूनही नाहीं. लवकर ओळखून, वेदना आटोक्यांत ठेवून, सौम्य वापर चालूं ठेवणें हाच त्यावरील मार्ग.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हाताचा मोठा शत्रु पू हा होता. शिकागोच्या ॲलन कॅनाव्हेल यांनीं १९१२ सालीं हातांतील पूविकारांवर ग्रंथ लिहिला आणि कंडरेच्या आवेष्टनांत पू झाल्याच्या चार खुणा सांगितल्या: बोट किंचित् वांकलेलें राहणें, सबंध बोट सारखें सुजणें, कंडरेच्या वाटेवर दाबल्यास दुखणें, आणि बोट सरळ करतांना तीव्र वेदना होणें. पेनिसिलिन उपलब्ध होण्यापूर्वीं या चार खुणांचा अर्थ बहुधा बोट जाणें वा ताठणें असाच असे. औषधें आलीं तरी खुणा जुन्या झाल्या नाहींत. शस्त्रक्रियेनंतर यांतील एखादी दिसली तरी व्यायाम थांबवून वैद्याकडे धांव घ्यावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानें हाताच्या शस्त्रक्रियेस स्वतंत्र शास्त्राचें रूप दिलें. सॅन फ्रान्सिस्कोचे स्टर्लिंग बनेल यांचा हाताच्या शस्त्रक्रियेवरील प्रसिद्ध ग्रंथ १९४४ मध्यें निघाला आणि अमेरिकन लष्करानें जखमी हातांसाठीं स्थापिलेल्या खास केंद्रांचें मार्गदर्शन त्यांच्याकडे सोंपविलें. पूर्वीं हाड एकानें, कातडी दुसऱ्यानें आणि मज्जातंतु तिसऱ्यानें पाहावा अशी पद्धत होती. या सर्वांचा विचार एकाच डोक्यानें केला पाहिजे हा बनेल यांचा आग्रह. पण त्यांनाही एका जागेची धास्ती होती. तळव्याच्या वरच्या रेघेपासून बोटाच्या मध्यापर्यंत दोन कंडरा एकाच अरुंद आवेष्टनांतून जातात. तेथें तुटलेली कंडरा ताबडतोब जोडली तर सर्व एकमेकांस चिकटून बोट ताठें. दोन सैन्यांमधील ओसाड पट्ट्यास जें नांव होतें, तेंच नांव त्या जागेस पडलें: कोणाचीही नसलेली भूमि.

ही भूमि जिंकली ती चांगल्या दोऱ्यापेक्षां चांगल्या हालचालीनें. लोसानचे क्लोद व्हर्दां आणि लुईव्हिलचे हॅरोल्ड क्लाइनर्ट यांनीं १९६० नंतरच्या दशकांत येथेंही ताबडतोब जोडकाम यशस्वी होऊं शकतें हें दाखविलें. क्लाइनर्ट यांची युक्ति साधी होती. हाताच्या पाठीवर खपाटी बसवून बोट एका मर्यादेपलीकडे सरळ होऊं द्यावयाचें नाहीं; नखास रबराची दोरी लावून ती मनगटाशीं बांधावयाची. रोग्यानें बोट स्वतः हळूं सरळ करावें. वांकविण्याचें काम रबर करील. अशा रीतीनें जोडलेल्या कंडरेवर ताण येत नाहीं, पण ती आवेष्टनांत सरकत राहते व चिकटत नाहीं. टॉमस आणि शाँपियोनिएर या दोन्ही पक्षांचा हा जणूं तह होता: जोड स्थिर, पण दोरा गतिमान. पुढें यांत पुष्कळ सुधारणा झाल्या, आणि आतां मजबूत टांका घालून रोग्यास थोडें स्वतः वांकविण्यासही लावतात. परंतु पूर्ण जोराचें काम साधारणपणें तीन महिन्यांपूर्वीं देत नाहींत.

बांधून ठेवावयाचाच असेल तर हात कोणत्या अवस्थेंत बांधावा, याचाही उलगडा याच सुमारास झाला. बोटें जेथें तळव्यास जोडलीं आहेत त्या सांध्यांचे बाजूचे अस्थिबंध बोट सरळ असतां सैल आणि वांकलें असतां ताठ असतात. ते सैल असतांना आठवडेच्या आठवडे बांधले तर सैलपणींच आखूड होतात, आणि मग मूठ मिटत नाहीं. बोटांतील मधल्या सांध्यांचें याच्या उलट. ते वांकलेले ठेवले तर सरळ होईनासे होतात. म्हणून मनगट किंचित् मागें, मुठीचे सांधे चांगले वांकलेले आणि बोटें सरळ, अशी सुरक्षित अवस्था एडिंबरोच्या जेम्स यांनीं पुरस्कारिली. सपाट फळीवर पंजा पसरून बांधणें दिसावयास नीटनेटकें दिसतें, पण त्यानें नंतर सहा महिन्यांचें काम वाढतें.

या इतिहासांतील एक उज्ज्वल पर्व भारतांत घडलें, आणि तें ज्यांच्या हाताकडे कोणी पाहतही नसे अशांच्या हातांवर घडलें. तामीळ देशांतील कोल्ली डोंगरांत १९१४ सालीं जन्मलेले पॉल ब्रँड १९४६ मध्यें वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शस्त्रवैद्य म्हणून आले. चिंगलपूट येथील कुष्ठालयाचे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनीं त्यांना तेथील रोग्यांचे पंजासारखे वळलेले हात दाखविले. त्यांतील एका रोग्यानें ब्रँड यांचा हात असा दाबला कीं त्यांना कळ आली. निकामी म्हणून सोडून दिलेल्या हातांत एवढें बळ कोठून आलें, या प्रश्नापासून संशोधनास आरंभ झाला. कुष्ठरोगानें कांहीं ठराविक मज्जातंतु मरतात, त्यामुळें तळव्यांतील लहान स्नायु पांगळे होतात. पुढच्या हातांतील कित्येक स्नायु धडधाकट राहतात. त्या धडधाकट स्नायूची कंडरा वळवून पांगळ्याचें काम तिच्यावर सोंपवितां येईल, या विचारानें १९४८ पासून वेल्लोरास शस्त्रक्रिया सुरू झाल्या.

लवकरच ब्रँड यांना दिसून आलें कीं, ताठलेल्या सांध्यावर उत्तम कंडरा बसविली तरी ती गंजलेल्या बिजागरीला नवी दोरी बांधण्यासारखें होतें. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वींच तेलमर्दन, कोमट मेणाचें स्नान आणि व्यायाम देऊन सांधे मऊ करण्याची रीत पडली. फार आकसलेल्या बोटास प्लॅस्टरचें नळकांडें घालीत. कांहीं दिवसांनीं तें बदलून बोट आणखी थोडें सरळ करीत. हिसका मारल्यास ऊति फाटते, सुजते आणि अधिकच आकसते. पण हलका ताण बराच वेळ दिला तर ती सजीव ऊति स्वतः वाढून लांब होते. उतावळेपणानें जें साधत नाहीं तें सातत्यानें साधतें, हें येथें केवळ नीतिवचन नसून शरीराचा नियम आहे.

शस्त्रक्रियेनंतर दुसरी अडचण मनाची. जो स्नायु जन्मभर बोट वांकवीत आला, त्यालाच आतां बोट सरळ करावयाचें असे. रोग्यास नव्यानें शिकावें लागे, जसें मूल अक्षर गिरवितें तसें. शिवाय या हातांस स्पर्शज्ञान नसे. तापलेलें भांडें धरलें तरी कळत नसे. कुष्ठरोग्यांचीं बोटें रोगानें आपोआप गळतात हा जुना समज. नकळत होणाऱ्या जखमा व भाजणें यांनींच तीं झिजतात, हें ब्रँड यांनीं बारकाईनें पाहून सिद्ध केलें. त्यामुळें रोज हात तपासणें हा उपचाराचा भाग झाला. बधिर राहिलेल्या कोणत्याही हातास, मग कारण यंत्राचा घाव कां असेना, हा नियम लागू आहे.

तिसरी अडचण पोटाची. सुधारलेला हात घेऊन परत गेलेल्या रोग्यानें येऊन तक्रार केली कीं, या हातांना आतां भीकही मिळत नाहीं आणि कामही कोणी देत नाहीं, अशी हकीकत सांगितली जाते. त्यांतून १९५१ सालीं महाविद्यालयाच्या आवारांत नवजीवन केंद्र उभें राहिलें. तेथें रोगी सुतारकाम शिकत व लांकडी खेळणीं करीत. करवत व रंधा हींच मग व्यायामाचीं साधनें झालीं. महाराष्ट्रांत हीच दिशा निराळ्या वाटांनीं दिसून आली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें १९३६ मध्यें मनोहरजी दिवाण यांनीं, अमरावतीस तपोवनांत १९४६ मध्यें डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं, आणि वरोड्यास आनंदवनांत बाबा आमटे यांनीं कुष्ठरोग्यांच्या हातांस काम दिलें. पुण्याजवळ कोंढव्यास व मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. नोशीर अंतिया यांनीं अशा हातांवर व चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया करून त्या शास्त्रास समाजाभिमुख केलें.

आकसलेल्या हातांसाठीं आणखी एक देणगी मुंबईनें दिली. डॉ. बी. बी. जोशी यांनीं बारीक तारा व सळ्या यांची बाहेरून बसविण्याची एक सुटसुटीत चौकट तयार केली. ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. तारा हाडांत बसवून बाहेरील सळ्यांवरील खिळे रोज अगदीं थोडे फिरविले कीं आकसलेला सांधा वा तळवा हळूं हळूं मोकळा होतो. वांकड्या पावलाच्या मुलांसही तिचा उपयोग झाला. तत्त्व प्लॅस्टरच्या नळकांड्याचेंच: थोडा ताण, पुष्कळ वेळ. २०२० सालीं मुंबईंत रेल्वे-अपघातांत दोन्ही हात गमावलेल्या एका तरुणीस दुसऱ्याचे हात बसविण्यांत आले. तेथेंही शस्त्रक्रिया तासांत संपली आणि बोटांना शिकविण्याचें काम त्यापुढें दीर्घकाळ चालूं राहिलें.

कायद्यानें या विषयाचें मर्म फार पूर्वीं ओळखलें होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यास जोडलेल्या अनुसूचींत, पुढें ती सुधारल्यानंतर, आंगठा गेला तर कमाईची शक्ति शेंकडा ३० घटली, एका हाताचीं चार बोटें गेलीं तर शेंकडा ५०, आणि तर्जनी गेली तर शेंकडा १४, असे आंकडे होते. त्याखालीं एक टीप होती. तिचा आशय असा कीं, एखाद्या अवयवाचा उपयोग पूर्णपणें व कायमचा नाहींसा झाला तर तो अवयव तुटल्यासारखाच समजावा. ताठ बोट म्हणजे तुटलेलें बोट! स्वतःच्या शेतांत राबणारा मात्र कोणाचा नोकर नसल्यानें त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राही. त्याची भरपाई त्याच्या स्वतःच्या सांध्यांतूनच व्हावयाची.

आतां हा सारा अनुभव संग्रामपूरच्या एखाद्या घरीं उतरवावयाचा तर काय करावें लागेल? पहिल्या दिवसांत हात काळजाच्या वर उंच ठेवणें, म्हणजे सूज ओसरते. झोळींत लोंबकळत ठेवल्यास ती सांचते. जीं बोटें बांधलेलीं नाहींत तीं, कोपर व खांदा हीं पहिल्यापासून हालविणें. कारण एका बोटाच्या दुखण्यानें सबंध हात व खांदा ताठलेले अनेकदां आढळतात. जें बोट जोडलें आहे तें केव्हां व किती हालवावें हें शस्त्रवैद्यास विचारणें, आणि तें सांगितल्यानंतर भीतीनें टाळूं नये व उत्साहानें ओलांडूंही नये. एकदांच तासभर ओढाताण करण्यापेक्षां दिवसांतून अनेक वेळां थोडें थोडें करणें. व्यायामानंतरची कळ थोड्या वेळांत शमली तर तो योग्य झाला. रात्रभर ठणका राहून दुसऱ्या दिवशीं सूज वाढली तर तो अधिक झाला, असा साधा मापदंड आहे. रात्रीची खपाटी कंटाळा येऊनही वापरणें, व्रण भरल्यावर त्यावर तेल लावून हलक्या बोटांनीं चोळणें, तंबाखू सोडणें, आणि मधुमेह असल्यास तो ताब्यांत ठेवणें, हीं त्यास पूरक. जोर लावून मोडून सरळ करणाऱ्याच्या हवालीं मात्र असा हात करूं नये.

घरच्या मंडळींचाही यांत वांटा आहे. आपल्या कुटुंबांत आजाऱ्यास काम करूं न देणें हें प्रेमाचें लक्षण मानलें जातें. आई घांस भरविते, बायको सदऱ्याच्या गुंड्या लावते, मुलगा पाण्याचा पेला तोंडाशीं नेतो. वेळ आल्यावरही हें चालूं राहिलें तर तें प्रेम हातास ताठर करतें. वैद्यानें मोकळीक दिल्यानंतर गुंडी त्याची त्यानेंच लावावी, मग तीस पांच मिनिटें कां लागेनात. शेंगा सोलाव्या, तांदूळ निवडावे, कणकेचा गोळा दाबावा. सुश्रुताचा मातीचा गोळा प्रत्येक घरांत परातींत तयार असतो.

व्रणाची ऊति कित्येक महिने, पुष्कळदां वर्षभर वा अधिक काळ, बदलत व मऊ होत असते. म्हणून तिसऱ्या महिन्यांत मूठ अर्धी मिटते आहे एवढ्यावरून निराश होण्याचें कारण नाहीं. सर्वच हात पूर्ववत् होत नाहींत, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. कित्येकदां चिकटलेली कंडरा सोडविण्यास दुसरी शस्त्रक्रिया लागते, आणि तिच्यानंतर हालचाल लगेच सुरू करावी लागते, नाहींतर तीही वायां जाते. परंतु आंगठा तर्जनीस टेंकला, तर बोंडांतला कापूस निघतो. चार बोटें तळव्याच्या जवळ आलीं, तर विळ्याची मूठ जाड चिंध्या गुंडाळून धरतां येते. पूर्वींच्या हाताशीं तुलना न करतां कालच्या हाताशीं तुलना करणें हाच येथें हिशेबाचा योग्य मार्ग. शस्त्रवैद्य कंडरा जोडतो. ती चालती ठेवण्याचें काम रोज, थोडें थोडें, त्या हाताच्या धन्यालाच करावें लागतें.